ॲपमध्ये न दिसलेली गाडी

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे, म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल आणि रुळाच्या आसपास चालत असाल, तर आधी एक काम करा. एक कान मोकळा करा. गंमत नाही करत, खरंच करा. मग पुढचं ऐका.

मी चिपळूणचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय अठ्ठावीस. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे ती आणि मी जवळजवळ एकाच वयाचे. आमच्या वाडीतून हॉर्न ऐकू येतो. लहानपणी कुठली गाडी गेली हे आवाजावरून ओळखायची आमची स्पर्धा असायची. आजी त्यात सगळ्यांना हरवायची, कारण ती तुळशीला पाणी घालायची वेळ गाडीवर ठरवायची. तर रेल्वेचं वेड मला फोन हातात येण्याच्या आधीपासूनचं आहे. फोन आला आणि त्या वेडाचे व्हिडिओ व्हायला लागले.

आज त्यातल्या एका व्हिडिओबद्दल बोलायचंय. तो कुठेच अपलोड झालेला नाही.

ऑगस्ट २०१९. मी आणि कॉलेजचे दोन मित्र. चिपळूण आणि कामथे यांच्यामध्ये एक कटिंग आहे. नेमकी जागा सांगणार नाही, कारण सांगितली तर तुमच्यातले दोघं तरी रविवारी तिथे जातील. कटिंग म्हणजे डोंगर कापून केलेली चर. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या आणि काळ्या दगडाच्या भिंती, मधून एकच रूळ, बाजूला पाणी वाहून जायला गटार. पावसाळ्यात त्या भिंतींवरून छोटे छोटे धबधबे कोसळत असतात. फ्रेम म्हणाल तर स्वर्ग. मुंबईकडून येणारी मांडवी त्या वळणातून आमच्याकडे येताना टिपायची होती. ट्रायपॉड स्लीपरवर ठेवला होता. हो, स्लीपरवर. ऐकताना तुम्हाला जेवढं मूर्खपणाचं वाटतंय तेवढंच ते होतं.

आमच्याकडे ॲप होतं. मांडवी चिपळूण स्टेशनात उभी आहे, उशिरा धावतेय, असं ते दाखवत होतं. मी म्हटलं, निवांत, ती सुटली की कळेल, मग पाच-सात मिनिटं हातात असतील. मित्र वडापाव काढून बसला.

आणि गाडी आली. पण पाठीमागून, कामथ्याच्या बाजूने. रो-रो, म्हणजे मालवाहू डब्यांवर भरलेले ट्रक चढवून कोलाडला नेणारी ती गाडी. १९९९ पासून चालते, आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होती. फक्त ती ॲपमध्ये नव्हती, कारण ही ॲप्स प्रवासी गाड्या दाखवतात. मालगाडी, नुसतं इंजिन, दुरुस्तीची गाडी यातलं तिथे काही दिसत नाही.

पुढे बरेच दिवस हे डोक्यात फिरत होतं. मांडवी स्टेशनात उभी का होती? कारण मार्ग एकेरी आहे आणि समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती. म्हणजे मांडवीचा उशीर हीच मुळात दुसरी गाडी येत असल्याची खूण होती. माहिती माझ्या हातात होती. मी तिचा अर्थ लावला 'अजून वेळ आहे'. आमच्या कामात याला चुकीचा डॅशबोर्ड वाचणं म्हणतात, आणि त्याने फार तर सर्व्हर पडतो.

आम्हाला आवाज का आला नाही? धबधबे. आणि वळण. आम्हाला ऐकू आली ती शिट्टी, आणि तीही इंजिनाची नव्हती. आमच्या वाडीतले एक काका रेल्वेत कीमन आहेत. जुनी माणसं चावीवाला म्हणतात. ते त्यांच्या रोजच्या फेरीवर होते. त्यांनी लांबून आम्हाला पाहिलं, शिट्टी फुंकत पळत आले आणि दोघांना ढकलून गटारात घातलं. तिसरा मी, मी ट्रायपॉडकडे वळलो होतो. माझी कॉलर धरून मला ओढलं. गुडघाभर पाण्यात आम्ही चौघं भिंतीला चिकटून उभे, आणि समोरून एकेक ट्रक जातोय. एका ट्रकच्या मागे 'फिर मिलेंगे' लिहिलेलं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही.

ट्रायपॉड गेला. फोन मित्राच्या हातात होता, त्यामुळे व्हिडिओ राहिला. बावीस सेकंदांचा आहे. त्यात फक्त पाणी, चाकांचा आवाज आणि काकांचा श्वास ऐकू येतो.

गाडी गेल्यावर मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली नाही. काका म्हणाले, "घरी जा." एवढंच. मग वाकून पाण्यात पडलेला हातोडा शोधायला लागले. मी शोधायला हात घातला तर म्हणाले, "तू हात लावू नको. जा म्हटलं ना."

पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. समोरून आले की मान वळवायची. शेवटी गणपतीत आरतीच्या वेळी मीच जाऊन पाया पडलो. तेव्हा म्हणाले, "मेल्या, तुला कापलं असतं तर तुझ्या आईला सांगायला मलाच यायला लागलं असतं. ह्याचा काय विचार केलास?"

खरं सांगतो, नव्हता केला. माझं काय होईल इतपत थोडाफार केला असेल. त्यांचं काय होईल हे डोक्यातही आलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांना कामाबद्दल विचारायला लागलो. ओटीवर बसून, चहा घेत. नाव सांगत नाही, त्यांना चालणार नाही. बाकी सगळं सांगायची परवानगी घेतलीय.

तर कीमन काय करतो? त्याच्या वाट्याला रुळाचा एक तुकडा असतो. तो रोज तिथून चालत जातो, चालत येतो. हातात हातोडा, पाना, लाल आणि हिरवा झेंडा, पिशवीत डेटोनेटर. पूर्वी रूळ धरून ठेवायला चाव्या ठोकायचे, म्हणून कीमन. आता सिमेंटचे स्लीपर आणि पोलादी क्लिपा आल्या, नाव तेच राहिलं. क्लिप सैल झालीय का, नटबोल्ट ढिला आहे का, खडी सरकलीय का, रुळाला तडा आहे का, हे सगळं डोळ्याने आणि हातोड्याने बघायचं. काका म्हणतात, घट्ट क्लिपेचा आवाज वेगळा आणि सैल क्लिपेचा वेगळा. मी दोन्हींचे रेकॉर्डिंग मागितले होते. मिळाले नाहीत. "कामात असताना फोन काढत नाही," म्हणाले. मी गप्प बसलो.

कीमन व्हायच्या आधी ते ट्रॅकमन होते, आणि पावसाळ्यात रात्रीची गस्त करायचे. ही गस्त म्हणजे काय ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

रोह्यापासून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. ९१ बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. लहानमोठे पूल दोन हजारांच्या घरात. आणि आपला पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमध्ये दरड कोसळली आणि कारवारहून मुंबईला जाणारी सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. ५० हून जास्त माणसं गेली. वर्ष होतंय न होतंय तोवर, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा रुळावर पडलेल्या दगडांना धडकली, डबे पुलावरून खाली गेले, पुन्हा माणसं गेली. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. घरातली मोठी माणसं रेडिओजवळ बसलेली आठवतात.

त्यानंतर डोंगरांना जाळ्या लागल्या, कटिंगचे उतार कमी केले, पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक आणि कमी वेग आला. जोराचा पाऊस असेल, नीट दिसत नसेल तर लोको पायलटने ताशी ४० किलोमीटरवर यायचं. चिपळूणसह नऊ स्टेशनांवर पाऊस मोजायची यंत्रं आहेत. काळ, सावित्री आणि आपली वाशिष्ठी, या तीन नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण आणि कामथ्याच्या मधल्या पुलावर पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं आणि गाड्या जिथल्या तिथे थांबवल्या. हजारो प्रवासी अडकले, वैतागले, पण सुखरूप राहिले. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. वीज गेली, नेटवर्क गेलं, आणि माझ्या टीमला वाटलं मी दांडी मारली.

एवढी यंत्रं असूनही रात्री माणूस चालतोच. दरड पडायच्या आधी थोडी माती सुटते, गढूळ पाण्याची धार बदलते, झाड किंचित वाकतं. हे त्याला दिसतं. धोक्याच्या कटिंगवर तर चोवीस तास पहारेकरी बसवलेले असतात. गस्तवाल्याकडे तीन रंगांची बत्ती, शिट्टी, काठी, फटाके. आपल्या हद्दीच्या टोकाला पोचायचं, तिथे पलीकडून आलेला गस्तवाला भेटतो, दोघांनी वह्यांची अदलाबदल करायची, परत फिरायचं. वही बदलली गेली म्हणजे मधला सगळा तुकडा कोणीतरी पायी पाहिला, याचा पुरावा. मला ही पद्धत फार आवडली. ना लॉगिन, ना सर्व्हर, आणि खोटं बोलायचं तर दोघांना मिळून बोलावं लागेल.

आणि फटाके. हे डेटोनेटर म्हणजे चपट्या डबीसारखी वस्तू. रुळावर बांधायची, इंजिनाचं चाक वरून गेलं की धडाम आवाज. दरड दिसली की गस्तवाल्याने काय करायचं? गाडी येण्याच्या दिशेने पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका लावायचा, तसंच पुढे पळून १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन लावायचे. १२०० मीटर का? कारण वेगातली गाडी ब्रेक मारल्या मारल्या थांबत नाही, तिला जवळपास किलोमीटरभर लागू शकतो. आता हे सव्वा किलोमीटर पळणं म्हणजे रात्री, खडीवरून, गमबूट घालून, मुसळधार पावसात, समोरून गाडी येत असेल अशा दिशेने. आणि मार्ग एकेरी. एका बाजूला लावून झाले की दुसऱ्या बाजूचीही काळजी घ्यायचीच.

मीसुद्धा कधीकधी ऑन-कॉल असतो. रात्री अलर्ट आला की पांघरुणातून हात काढून लॅपटॉप उघडतो आणि सकाळी टीममध्ये दमलेला चेहरा करून बसतो. काकांना एकदा सांगितलं, माझीपण नाइट असते. ते म्हणाले, "अरे वा. बिबट्या दिसतो काय?"

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा भाग केला.

काका गस्तीला असताना, आमच्या भागात नाही, वर दुसरीकडे, एकदा पहाटे त्यांना रुळाच्या कडेला एक मुलगा सापडला. गेलेला. वीस-बावीसचा असेल. गाडीची धडक. तो तिथे का होता ते काकांना कधी कळलं नाही. अशा वेळी कोणीतरी स्टेशनला कळवतं, आणि पोलीस येईपर्यंत कोणालातरी तिथे थांबावं लागतं. कोल्हे-कुत्रे असतात. काका थांबले. पाऊस होता. त्यांनी अंगातला रेनकोट काढून त्या मुलावर घातला आणि स्वतः उजाडेपर्यंत भिजत उभे राहिले. मग पंचनामा झाला. रेनकोट परत घ्यायची त्यांची इच्छा झाली नाही. घरी काकूंनी विचारलं, तर म्हणाले वाऱ्याने उडाला. आठवडाभर तापाने पडून होते. खरी गोष्ट काकूंना कळली तीन वर्षांनी, तीही दुसऱ्या कोणाच्या तोंडून.

मी गटारात उभा होतो तेव्हा काकांना तो मुलगा दिसला असणार. हे मी त्यांना विचारलेलं नाही.

आकड्यांचं एकच सांगतो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं बेकायदा रुळावर आल्याने मरतात, हे त्यात आहे. ती ओळ बातम्यांत आली. त्याच अहवालात दुसरी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी वाचली नाही: २००७-०८ पासूनच्या चार-साडेचार वर्षांत ड्युटीवर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी गेले. त्या काळातल्या रेल्वे अपघातांमध्ये गेलेल्या लोकांपेक्षा हा आकडा मोठा आहे. आपण रेलफॅन इंजिनाचा नंबर पाठ करतो, शेड कुठलं ते रंगावरून सांगतो. रुळावरच्या या माणसांबद्दल मला, म्हणजे स्वतःला वेडा म्हणवणाऱ्याला, २०१९ पर्यंत काहीही माहीत नव्हतं.

त्यात आता एक बदल झालाय. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण झालं. धूर गेला, चांगलंच झालं. पण आपले कान डिझेलवर तयार झालेत. डिझेल इंजिन लांबून धडधडत यायचं. विजेचं इंजिन त्या मानाने शांत येतं. काकासुद्धा म्हणतात, पहिलं वर्षभर दचकायला व्हायचं. आणि हिशोब बघा. ताशी ७५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २१ मीटर. वळणावर तुम्हाला ३०० मीटर पुढचं दिसत असेल तर हातात चौदा सेकंद. त्यातली पहिली चार-पाच 'ही खरंच याच रुळावर आहे का' यात जातात.

वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. घरातल्या विजेसारखं नाही की हात लागला तरच झटका. दोन मीटरच्या आत जायचंच नाही, कारण वीज हवेतून उडी मारते. उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून रील करणाऱ्यांना हे माहीत नसतं. आणि आपल्याकडचा खास धोका सांगू? आंबे काढायचा झेला. ओला बांबू खांद्यावर उभा धरून रूळ ओलांडणारे लोक मी स्वतः पाहिलेत. झेला आडवा धरा, आणि फाटकातूनच जा. घरी बाबांना, काकांना हे तुम्हीच सांगा, ते पॉडकास्ट ऐकणार नाहीत.

मग गाड्या बघायच्याच नाहीत का? बघा ना! मी दर रविवारी बघतो. वालोपेला आपल्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहून. पावसाळ्यात उक्षीला उतरा, स्टेशनजवळच धबधबा आहे, समोरून गाडी जाते, आणखी काय पाहिजे? फक्त गाडीच्या दारात पाय सोडून बसू नका. बोगद्याची भिंत, सिग्नलचे आणि आता तारांचे खांब, प्लॅटफॉर्मची कड, सगळं वाटतं त्यापेक्षा जवळ असतं. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळावरून चालत गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ती क्लिप तुम्ही पाहिली असेल. सगळे हसले. मी नाही हसलो, मला त्या रांगेत मी दिसत होतो. कायद्याने तर रुळावर विनापरवाना जाण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. उठाबशा स्वस्तात पडल्या म्हणायच्या.

आणि हो, तुम्ही रस्त्याने किंवा शेतातून जाताना रुळावर दरड, झाड, गुरं, वाकलेला रूळ असं काही दिसलं तर? १३९ ला फोन करा. जवळ स्टेशन किंवा फाटक असेल तर तिथे सांगा. गाडी येतानाच दिसली तर रुळाच्या बाहेर, लांब उभं राहून दोन्ही हात सरळ डोक्यावर धरा. रेल्वेच्या भाषेत त्याचा अर्थ 'थांबा' असा आहे. लाल कापड असेल तर जोरात हलवा. १४ जुलै २०२४ ला खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड आली तेव्हा मार्ग जवळजवळ दिवसभर बंद होता. आमच्या ग्रुपवर लोक विचारत होते, 'ड्रोन शॉट कोणी काढला का?' मी काकांना फोन लावला. उचलला नाही. रात्री काकूंचा फोन आला, ते जेवायला आलेत, उद्या बोल.

माझ्या ट्रायपॉडचा एक पाय नंतर सापडला. काकांनीच आणून दिला, न बोलता ओटीवर ठेवला. काकूंनी तो काकडीच्या मांडवाला लावलाय, अजून तिथेच आहे.

पुढच्या भागात काका स्वतः बोलायला येतील असं ठरलं होतं. मागच्या रविवारी माइक लावला, पाच मिनिटं बोलले, मग म्हणाले हे बंद कर आणि चहा घे. तर बघू. तुमच्या घरात कोणी ट्रॅकमन, फाटकवाला, पॉइंट्समन असेल आणि बोलायला तयार असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आधी त्यांना विचारून. आणि ड्युटीवर असताना रेकॉर्ड नको.

चला, भेटू पंधरा दिवसांनी. तो दुसरा हेडफोन आता लावला तरी चालेल, रुळापासून लांब असाल तर.